स्क्रिप्ट झाली की आप्पांना फिरवणार

३ नोव्हेंबर २०२५, सोमवार

आजपासून रोजनिशी. एडिटरमध्येच लिहितोय, म्हणजे कॉम्प्युटरवर मजकूर आणि प्रोग्राम लिहायच्या सॉफ्टवेअरमध्ये. मोबाईलवर नाही, वहीत नाही. माणसाचं सगळं काम एकाच खिडकीत व्हावं, हे माझं मत आता पक्कं झालंय.

वडिलांना, आप्पांना, शिरूरच्या हॉस्पिटलातून घरी आणून आठवडा झाला. गोठ्यात पाय घसरला, मांडीचं हाड मोडलं, आत रॉड आहे. डॉक्टर म्हणाले, रोज सकाळी ऊन चढायच्या आत वॉकर देऊन चालवा. शेजारी घरचं माणूस पाहिजे, पडायची भीती मनातून जायला पाहिजे. मी तिथल्या तिथं सांगितलं, मी चालवणार.  आप्पांनी माझ्याकडं बघितलं.

अडचण एवढीच की सकाळी मी दूध संघाच्या चिलिंग सेंटरवर असतो. गावोगावच्या दुधाचे आकडे फाईलमध्ये येतात आणि मी ते जुन्या प्रोग्राममध्ये भरतो. प्रोग्राम म्हणजे काळी खिडकी आणि पांढरी अक्षरं. या खिडकीला टर्मिनल म्हणतात. ती विचारते, गाव? मी गावाचा नंबर टाकतो, एन्टर. लिटर? एन्टर. फॅट? एन्टर. घ्यायचं का? होयसाठी वाय, एन्टर. मग पुढचं गाव. उठेपर्यंत ऊन टेबलावर आलेलं असतं.

निश्चय: ही काळी खिडकी एडिटरच्या पोटात उघडायची आणि टायपिंग एडिटरलाच करायला लावायचं. एडिटरला स्वतःची भाषा आहे, सांगितलं की करतो. छोटीशी स्क्रिप्ट, म्हणजे त्या भाषेतली कामांची यादी. रविवारपर्यंत होईल. सोमवारपासून बटण दाबायचं, घरी यायचं, आप्पांना कालव्यापर्यंत न्यायचं.

५ नोव्हेंबर

काळी खिडकी एडिटरमध्ये उघडली. म्हणजे जवळजवळ झालंच.

नीलमला बोलावून दाखवलं. ती लॅबचं बघते, दुधाचे नमुने तपासते. ती म्हणाली, "सर, हे तर तेच हाय. नुसतं बारीक दिसतंय." तिला बाहेरचं दिसलं. आतलं दिसायला वेळ लागतो.

जाता जाता म्हणाली, "सकाळची एन्ट्री मी करत जाऊ का? माझे नमुने लवकर उरकतात. तुम्ही आप्पांकडं जावा." चांगली मुलगी आहे. पण तो कायमचा उपाय नाही. नाही म्हटलं.

८ नोव्हेंबर, शनिवार

एडिटरनं आपोआप पहिल्या गावाचा नंबर टाइप केला! मी हात मांडीवर ठेवून बघत होतो.

संध्याकाळी आप्पांना सांगितलं. ते म्हणाले, "बरं झालं. मग तू कवा येणार?"

सोमवारी, म्हटलं. फार तर बुधवारी.

१२ नोव्हेंबर, बुधवार

स्क्रिप्ट फार वेगात टाइप करते. प्रोग्राम म्हातारा आहे, त्याला तेवढं झेपत नाही. निम्मी अक्षरं गिळतो. लिटरच्या जागी गाव आणि फॅटच्या जागी लिटर. पाच हजार फॅटचं दूध जगात कुठं नाही.

उपाय सोपा. प्रत्येक एन्टरनंतर थांबायचं. थांबायला सांगितलं तर आख्खा एडिटरच थांबला. मी त्याच्यासमोर बसलो, तो माझ्यासमोर. शेवटी मुंडी पिरगाळून बंद केला. त्यात कालची नोंद गेली. चांगली होती.

माझ्या बायकोनं, अनुपमानं, आज आप्पांना अंगणात चालवलं. दोन्ही हातांनी वॉकर धरून उंबऱ्यापासून तुळशीपर्यंत. तात्पुरती सोय म्हणून ठीक आहे.

२० नोव्हेंबर

आता खरा प्रश्न कळला. नुसतं टाइप करून भागत नाही. समोरच्यानं काय विचारलं ते वाचायला पाहिजे, मगच उत्तर द्यायचं. आपण आजपर्यंत हे डोळ्यांनी करत होतो, म्हणून लक्षात आलं नाही.

पण वाचायला गेलं की 'गाव?'च्या आधी आणि नंतर कचरा येतो. चौकटी कंस, आकडे, एम. तो म्हणे रंगाचा हुकूम असतो. खिडकीत रंग दोनच, काळा आणि पांढरा, आणि त्यासाठी एवढे हुकूम! दिवसभर कचरा निवडला. तांदूळ निवडल्यासारखं.

आप्पा आज फाटकापर्यंत गेले म्हणे. अनुपमा बरोबर होती. ती सांगत होती, फाटकापाशी थांबून ते रस्त्याकडं बघत राहिले. ऊस भरलेले ट्रॅक्टर चालले होते. तेच बघत असतील.

१ डिसेंबर, सोमवार

मॅनेजरसाहेब मागं येऊन उभे राहिले. काय चाललंय विचारलं. मी समजावून सांगितलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "म्हंजी हे झाल्यावर तुम्ही काय करणार?"

बटण दाबणार, म्हटलं.

"आन् आत्ता काय करताय?"

बटणंच दाबतोय. पण पुष्कळ.

ते 'बरं' म्हणाले आणि गेले. मोठी माणसं थोडक्यात बोलतात. प्रभाव पडला असावा.

पाठ दुखते. पायऱ्या चढताना धाप लागते. खुर्ची बदलायला सांगायला हवी.

९ डिसेंबर

फार विचार करून एक निर्णय घेतला. वाचायचं कशाला? प्रोग्राम रोज तेच विचारतो. गाव, लिटर, फॅट, घ्यायचं का. क्रम कधी चुकत नाही. मग क्रमानं उत्तरं देत जायचं. डोळे मिटून. घरचा रस्ता आपण बघत बघत थोडाच चालतो?

एवढं साधं सुचायला महिना गेला याचं वाईट वाटतं. पण मोठी माणसं म्हणतात की साधं शोधणंच अवघड असतं.

१७ डिसेंबर, बुधवार

झालं!

काल झालं, आज पुन्हा झालं. पहिल्या गावापासून शेवटच्या गावापर्यंत एकाही ठिकाणी हात लावावा लागला नाही. शेवटचा एन्टर पडला तेव्हा खिडकीतून बघितलं, अजून उजाडत होतं. डोळ्यात पाणी आलं. स्क्रीनकडं बघून बघून येतं.

घरी गेल्यावर आप्पांना सांगितलं, उद्या तयार राहा. उद्या बटण दाबून थेट घरी. कालव्यापर्यंत जाऊ. आप्पा म्हणाले, "एवढ्या लांब?" मी आहे ना, म्हटलं.

१८ डिसेंबर, गुरुवार

बटण दाबलं आणि निघालो. न्हावरे फाट्यापर्यंत पोचलो नाही तोच फोन वाजला. उचलेपर्यंत दुसरा. मग थांबलाच नाही.

झालं ते असं. आज केडगावच्या दुधाला फॅट कमी लागली. फॅट कमी असली की प्रोग्राम मध्येच एक जास्तीचा प्रश्न विचारतो, दूध नाकारायचं का? गेल्या महिन्यात कुठल्याच गावाला तशी वेळ आली नव्हती, म्हणून माझ्या ध्यानात नव्हतं. स्क्रिप्ट डोळे मिटून चाललेली. तिच्या तोंडात वाय तयारच होता. तो तिनं दिला. तिथून सगळा क्रम एकानं सरकला, फॅटच्या जागी भलतंच जायला लागलं आणि केडगावसकट पुढची सगळी गावं नाकारली गेली. नाकारलं की प्रोग्राम शेतकऱ्यांना आपोआप मेसेज पाठवतो. तेवढं एक काम त्याला चटकन जमतं.

मागं फिरलो. सेंटरवर नीलम दोन्ही कानांना दोन फोन लावून उभी होती. "न्हाई हो मामा, दूध चांगलं हाय तुमचं. टँकरमधी गेलंय. मेसेज चुकून आलाय." तेच पुन्हा पुन्हा. पाबळकडचा एकजण म्हणाला, मेसेज बघून मी संध्याकाळचं दूध दुसऱ्या डेअरीला कबूल केलं. एका बाईंनी विचारलं की म्हशीला काय झालंय, डॉक्टरला बोलवू का. त्यांची समजूत घालायला सगळ्यात जास्त वेळ लागला, कारण त्यांना म्हशीची फार काळजी होती आणि आम्ही काही लपवतोय असं वाटत होतं.

दुपारच्या आत सासरे आले. हौशीराममामा. केडगावहून चौफुल्यामार्गे, बाइकला किटली बांधून. किटली माझ्या टेबलावर ठेवली, झाकण काढलं.

"जावाई, वास घ्या."

घेतला.

"काय वाईट हाय यात?"

काही नाही मामा, मशीनची चूक झाली, म्हटलं.

"मशीनला कुणी सांगितलं नाकारायला?"

इथं खरं सांगणं कठीण होतं. क्रम सरकला, असं म्हणालो. मामा नीलमकडं बघायला लागले. नीलम म्हणाली, "मामा, चहा घेता का?" मामा म्हणाले, "याच दुधाचा कर. ह्यांना पण पाज."

चहा उत्तम झाला होता.

मॅनेजरसाहेब ओरडले नाहीत.  ओरडले असते तर बरं झालं असतं. सगळी नोंद नीलमनं आणि मी हातानं परत भरली. साहेब म्हणाले, वरच्या ऑफिसला मी काय ते सांगतो, पण ते तुमचं आता बंद.

मूळ स्क्रिप्ट बरोबरच होती. समोरच्यानं आयत्या वेळी वेगळं विचारलं, त्याला कोण काय करणार.

१९ डिसेंबर

अनुपमा बोलत नव्हती. मला वाटलं, तिच्या वडिलांवरून. दुपारी जेवताना ती म्हणाली, "काल आप्पा बूट घालून ओट्यावर बसले होते. सकाळपासनं. मी म्हणलं चला मी नेते, तर म्हणाले, विश्वा येणार हाय."

कधीपर्यंत बसले होते?

"जेवायला वाढलं तवा काढले बूट. ते पण मीच काढले."

बूट काढायला त्यांना वाकता येत नाही, म्हणून बसून राहिले असतील.

संध्याकाळी त्यांच्याजवळ जाऊन बसलो. म्हटलं, आप्पा, काल फार गोंधळ झाला. त्यांना हौशीराममामांचा फोन आलाच होता. त्यांनी विचारलं, "दूध नासलं का कुणाचं?"

नाही.

"मग झालं की."

मग टीव्हीवर बातम्या लागल्या.

१ जानेवारी २०२६, गुरुवार

नवीन वर्षाचा निश्चय: स्क्रिप्ट बंद. साहेबांनीही सांगितलंय. जे हातानं होतं ते हातानं करावं. आप्पांच्या चालण्याची वेगळी काहीतरी व्यवस्था लावू.

२ जानेवारी

फक्त एक गोष्ट तपासायची आहे. प्रश्न वाचूनच उत्तर द्यायचं, ओळखीचा नसला तर जागीच थांबायचं. एवढं बघतो आणि बंद करतो. खऱ्या आकड्यांना हात लावणार नाही. प्रोग्रामची जुनी कॉपी बाजूला ठेवलीय, तिच्यावर. साहेबांना सांगायची गरज नाही, कारण तसं काही चाललेलंच नाही.

१४ जानेवारी, संक्रांत

सणाच्या दिवशी वाद झाला. मी तिळगूळ हातात घेऊन लॅपटॉपसमोर बसलो होतो. अनुपमा दारात उभी राहून बघत होती. मग म्हणाली, "त्या खिडकीला दिवसभर इचारता, ओळ आली का, ओळ आली का. आप्पांना एकदा तरी इचारलं का, पाय कसा हाय?"

ताबडतोब उठलो आणि विचारलं.

आप्पा म्हणाले, "बरा हाय."

परत येऊन बसलो. तिचं समाधान झालेलं दिसलं नाही. तिनं सांगितलं तसंच तर केलं.

आप्पा हल्ली शेजारच्या माऊलीमामांबरोबर जातात. मामा एसटीत ड्रायव्हर होते, आता रिटायर. सकाळी फाटकापाशी येऊन हॉर्न वाजवल्यासारखी हाक मारतात. अनुपमाला तेवढाच आराम. मी सुचवणारच होतो.

२७ जानेवारी

तीन आठवडे एकच गोष्ट छळत होती. स्क्रिप्ट घरी बरोबर चालते आणि सेंटरवर 'घ्यायचं का?'पाशी अडते. प्रश्न समोर दिसतोय, मी वाचतोय, पण तिला तो दिसत नाही. ती वाट बघत राहते. मी पण.

आज कारण सापडलं. सेंटरवर मी ही रोजनिशी शेजारीच उघडून ठेवतो. त्यामुळं काळी खिडकी अरुंद होते. अरुंद झाली की 'घ्यायचं' एका ओळीत आणि 'का' खालच्या ओळीत जातं. तुटलेला प्रश्न तिला ओळखता येत नाही.

म्हणजे अडथळा मीच लिहीत बसलो होतो. इथून पुढं नोंदी लहान.

११ फेब्रुवारी, बुधवार

साहेबांना कॉपीवर चालवून दाखवलं. कमी फॅटचं दूध मुद्दाम घातलं. स्क्रिप्ट थांबली, टिंग वाजली. साहेब म्हणाले, ठीक आहे, पण शेजारी बसून राहायचं.

त्यामुळं सध्या खरी एन्ट्री स्क्रिप्ट करते आणि मी एक बोट बंद करायच्या बटणावर ठेवून प्रत्येक ओळ वाचतो. ती जपून चालते, प्रत्येक प्रश्नाला थांबते. हातानं भरण्यापेक्षा जास्त वेळ लागतो. विश्वास हळूहळू बसतो.

नीलम म्हणाली, "सर, हातानं केलं असतं तर एव्हाना चहा पण झाला असता." चहा ती करून घेऊन आली होती. गार झाला.

आप्पांनी वॉकर सोडला. आता काठी. हे मला हौशीराममामांकडून कळलं. मामा फोनवर म्हणाले, तुम्ही बघितलं न्हाई व्हय? बघितलंय, म्हटलं.

२२ फेब्रुवारी, रविवार

साहेबांची परवानगी मिळाली! शेजारी मीच बसायला पाहिजे असं नाही, कुणीतरी बसलं तरी चालेल. नीलम बसणार आहे. टिंग वाजली की ती उत्तर देणार.

अनुपमानं विचारलं, "म्हंजी माणूस लागतोच की?" लागत नाही. माणूस फक्त बघायला. तिनं पुन्हा विचारलं की मग नीलम नोव्हेंबरातच बसते म्हणत होती त्यात आणि यात काय फरक. फरक फार मोठा आहे. तेव्हा तिला टाइप करावं लागलं असतं.

एक आठवडा अजून बघतो. मग सोमवारपासून नक्की.

२ मार्च, सोमवार

आज बटण दाबलं आणि खरंच घरी आलो. नीलम खुर्ची ओढून बसली होती, म्हणाली, "जावा सर, मी हाय." फाट्यापर्यंत फोन वाजला नाही. फाट्याच्या पुढंही वाजला नाही. गाडी बाजूला घेऊन फोन चालू आहे ना ते तपासलं.

घरी ओट्यावर कुणी नव्हतं. आप्पांचे बूटही नव्हते. अनुपमा भाकरी थापत होती. मला बघून घाबरली. "काय झालं? पुन्हा मेसेज गेले का?"

काही झालं नाही म्हटलं, आप्पांना फिरवायला आलोय.

 ती हसली. बऱ्याच दिवसांनी. म्हणाली, "ते मघाशीच गेलं की. कालव्याकडं बघा, गावतील."

गाडी ठेवली आणि चालत निघालो. चालायला जायचं तर चालतच जायला हवं. कांदा काढणीला आलाय, दोन्ही बाजूंच्या वाफ्यांत बायका उतरलेल्या. कालव्याचा रस्ता दिसतो तेवढा सपाट नाही. चढ आहे. पूर्वी नव्हता.

पुलाच्या अलीकडं दोघं दिसले. पाठमोरे. माऊलीमामांना मी चालीवरून ओळखलं. आप्पांना नाही ओळखलं. मी शेवटचं त्यांना चालताना बघितलं ते हॉस्पिटलच्या वऱ्हांड्यात, दोन नर्स धरून. हा माणूस जरा डावीकडं झुकून पण सरळ चालला होता. काठी होती, पण ती माऊलीमामांच्या काखेत होती.

हाक मारली. ऐकू गेली नाही. परत मारली, पण आवाज फुटेना, धाप लागलेली. पळत गाठलं.

आप्पा वळले. त्यांनी माझा चेहरा बघून विचारलं, "काय रं? कुणाचं काय झालं?"

कुणाचं काही नाही आप्पा, म्हटलं. चालवायला आलोय तुम्हाला.

माऊलीमामा कालव्याकडं बघायला लागले. आप्पांनी घड्याळात बघितलं, मग माझ्याकडं. "झालं का तुझं ते?"

झालं.

"आपोआप चालतंय?"

चालतंय.

"शाबास." त्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणाले, "चल मग."

चाललो. आप्पा मध्ये, एका बाजूला मामा, एका बाजूला मी. त्यांचा दंड धरला तर म्हणाले, "सोड, झोक जातो." पुलाच्या पुढं गेल्यावर मी थोडा मागं पडलो. बुटाची लेस सुटली असावी म्हणून वाकून बघितलं, ती बांधलेलीच होती. उभा राहिलो तर डोळ्यांपुढं काळं आलं. ते दोघं बोलत पुढं चालले होते, कारखान्याच्या तोडणीवरून काहीतरी.

मग आप्पांच्या लक्षात आलं. ते थांबले आणि मागं फिरून माझ्यापाशी आले. "माऊली, दम धर जरा. पोरगं दमलंय." मला पुलाच्या कठड्यावर बसवलं, आणि मामांच्या काखेतली काठी घेऊन माझ्या हातात दिली.

"बस निवांत," आप्पा म्हणाले. "घाई न्हाई. रोज थोडं थोडं वाढवायचं. पडायची भीती गेली की जमतं."

परत येताना ते हळू चालले. माझ्यासाठी, असं मामा म्हणाले. मला तसं वाटत नाही, त्यांचा पाय भरून आला असणार.

एक मात्र आज स्पष्ट दिसलं. आप्पा फार घाईनं चालतात. या वयात, आत रॉड असताना, हे बरोबर नाही. त्यांना हळू चालायची सवय लावायला घरचं माणूस शेजारी पाहिजे. उद्यापासून रोज जाणार.

उद्या नको, परवापासून. पोटऱ्या धरल्यात.